फ्लॅशशिवाय

"फ्लॅश मारायचा नाही," नर्स दारातच म्हणाली. "बाळाला त्रास होतो. आणि लाइटही वाढवता येणार नाही."

नईमनं मान डोलावली. पण खोलीत नजर गेली तसा तो उंबऱ्यातच थबकला. खिडकीवर जाड पडदा, कोपऱ्यात एकच मिणमिणता दिवा. खाटेवर अपेक्षा बसली होती. तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडात ओंजळभर बाळ होतं, सातव्याच महिन्यात आलेलं. आता आपल्या हातात काही उरलं नाही, असं सांगून डॉक्टरांनी दुपारी सगळ्या नळ्या काढल्या होत्या आणि बाळ आईकडे दिलं होतं.

नईमला फोन केला होता तो अपेक्षाच्या वडिलांनी, होटगीच्या हिंदुरावांनी. अपेक्षाच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढलेले. दिवसाचे बरे आले, रात्रीच्या वरातीतली माणसं मात्र धुरासारखी पुसट आली होती. एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना सुटल्यावर त्यानं हा धंदा धरला. कॅमेरा साधा, नवशिके घेतात तसला. उजेड कमी झाला की नईमचं अवसानच जायचं. संध्याकाळच्या ऑर्डरी तर आता त्याला कुणी देतच नव्हतं.

त्यानं हिंदुरावांना बाजूला घेतलं. "मालक, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. ह्या अंधारात माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"कुणाला बोलवू? असल्या लेकराचा फोटो म्हटल्यावर कुणी येईना. तुमी आला." हिंदुरावांनी खिशातला मोबाइल काढून दाखवला. "जावई सुरतेला हाय. गाडीत बसलाय, पर उद्या पोचणार. त्यानं पोराचं तोंडबी बघितलं न्हाय. माज्या मोबाइलवर नुसता काळा डाग येतोय. कसंबी करा, पर काढा की."

जवळ जायचा धीर होईना, म्हणून नईमनं दाराशी उभं राहूनच लेन्स पुढं ओढली. फोटो काळाकुट्ट. ही लेन्स लांबचं जवळ आणायला गेलं की उजेड गिळते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ती मागं घेतली आणि स्वतःच पुढं झाला. नर्सला विनवून पडद्याची कड बोटभर सरकवून घेतली. तिरपा, मऊ उजेड बाळाच्या गालावर आला. कमी उजेडातही चित्र उमटावं म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला, फोटोत दाणे दिसले तर दिसोत. शटर संथ केलं आणि फरशीवर गुडघे टेकून कोपरं खाटेच्या कडेवर रोवली.

पहिला फोटो हलला. दुसराही. आईचे हात थरथरत होते आणि बाळाची बोटं मधूनच उघडत, मिटत होती.

"ताई..." रडणाऱ्या आईला हलू नका म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? "ताई, जरासा श्वास धरता का? हाताची थरथर फोटोत येतीय."

अपेक्षानं खांद्याला डोळे पुसले. बाळाला छातीशी घेतलं आणि श्वास रोखला. "काढा, भाऊ."

त्यानं एकापाठोपाठ फोटो घेतले आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिले. पहिल्यात बोटं अजून पुसट होती. मग एक अगदी स्वच्छ आला. पापण्या, नखं, ओठांवरची घडी. इतक्या कमी उजेडात असा फोटो त्याच्या हातून कधीच निघाला नव्हता. क्षणभर त्याला आनंद झाला.

त्यानं पुढचा पाहिला. तोही तसाच. त्याच्या पुढचाही. बोटं जिथल्या तिथं.

नईमनं मान वर करून बाळाच्या छातीवरच्या कापडाकडे पाहिलं. ते हलत नव्हतं.

"आला का?" अपेक्षानं विचारलं.

"आला, ताई."

त्यानं कॅमेरा तिच्याकडे वळवला. ती हसली. "बघा की अण्णा, कसा गाढ झोपलाय. ह्यांना हाच दाखवू."

हिंदुरावांनी फोटो पाहिला, मग नातवाकडे पाहिलं आणि खाटेचा दांडा घट्ट धरला.

"अजून एक काढा, भाऊ," असं म्हणून अपेक्षा पुन्हा श्वास धरून बसली.

नर्स बाळाला बघायला पुढं निघाली होती. हिंदुरावांनी तिच्यापुढं हात आडवा धरला. नईमनं कॅमेरा डोळ्याला लावला. शटरचा आवाज होईपर्यंत नर्स तिथंच उभी राहिली.