संध्याकाळची टोपली

रेकॉर्डच्या खोलीला खिडकी एकच होती आणि तीही कपाटांच्या मागे. त्यामुळे तिथलं काम उजेडाच्या कलाने चालायचं. सकाळी ऊन कपाटांमधल्या बोळात शिरलं की फायली आपापल्या जागी लावायच्या. दुपारी ज्याला जी हवी ती काढून द्यायची. संध्याकाळी टेबल मोकळं करायचं, वर जे काही असेल ते शेजारच्या वेताच्या टोपलीत ठेवायचं आणि कुलूप लावून घरी जायचं. अंधुक उजेडात कपाटाला हात लावायचा नाही. "चुकीच्या जागी गेलेली फाइल म्हणजे मेलेली फाइल," असं थोरल्या बाई म्हणत. दुसरा नियम असा, की एखाद्या वर्षाचं काम हातात असलं तर ते वर्ष पुरं झाल्याशिवाय कपाटात चढवायचं नाही. तोवर त्याचा मुक्काम टोपलीत. आणि कचरा? तो दाराबाहेरच्या पत्र्याच्या डब्यात.

आधी ही खोली सांभाळणाऱ्या थोरल्या बाईंनी एकतीस वर्षांपूर्वी, त्या प्रसूतिगृहात नव्याने लागलेल्या तिला हे शिकवलं होतं. त्या कधीच्या गेल्या, पण नियम राहिले. खोली तिच्या ताब्यात आली आणि सगळे तिला कपाटबाई म्हणू लागले. तोंडावरही म्हणत. तिला राग येत नसे. कपाटासारखं गप्प उभं राहून सगळ्यांचं पोटात ठेवायचं, तर नाव काही चुकीचं नव्हतं. कुणी मिसरूड फुटलेला मुलगा आईला घेऊन यायचा, "माझी जन्मवेळ हवी होती," म्हणायचा, आणि कपाटबाई तीन मिनिटांत त्याचा पिवळा कागद काढून द्यायची. आई तो कागद हातात धरून उभी राहायची. कपाटबाई मग उगीचच दोरा गुंडाळत बसायची. त्या वेळी बोलायचं नसतं.

चार महिन्यांपूर्वी नवे मोठे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. एकदा उभ्या उभ्या काही विचारून गेले, तर त्यांच्या मागे टोपलीत एक फाडलेलं पाकीट सापडलं. आत कागद होता. कपाटबाईने तो सरळ केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मग एक दिवस टेबलावर कॉम्प्युटर आला.

"महिनाअखेरीस, शुक्रवारी, मी येऊन बसेन," डॉक्टर म्हणाले. "ओल लागलेलं ते जुनं वर्ष आहे ना, ते सगळं यात उतरवा. एका बाळंतिणीची एक फाइल. मी कुठल्याही तीन मागेन, तुम्ही काढून दाखवायच्या. उतरवलेले कागद पोत्यात भरून खाली पाठवा, रद्दीत जातील. आणि नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नका. खाली चादरींच्या कोठारात जागा आहे. काम हलकं आहे."

काम हलकं होतं, पण कोठाराच्या अडतीस पायऱ्या हलक्या नव्हत्या. लिफ्ट फक्त पेशंटसाठी. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि तिचे गुडघे आधीच निवृत्त झाले होते. शिवाय खाली चादरी मोजताना जन्मवेळ विचारायला कोण येणार?

यंत्र बसवणारा वायरवाला तीन दुपारी शिकवायला आला. तो फार भराभर बोलायचा.

"हे बघा, हा पडदा म्हणजे तुमचं टेबल. या फायली. हे फोल्डर म्हणजे कपाट समजा. ही टोपली. समजलं?"

"समजलं," कपाटबाई म्हणाली. न समजता समजलं म्हणायची तिची काही पहिली वेळ नव्हती. लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली होती.

खरं शिक्षण झालं ते घरी. सून तिकिटांच्या खिडकीवर दिवसभर बसून यायची. तिचा एक जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात असायचा. चहा झाला की दोघी अर्धा तास तिथे बसत. दोघींच्याही डोळ्यांत दिवसभराची वाळू.

"आई, माउस दाबून नका धरू. पळून नाही जाणार तो."

"अगं, टेबल संपलं. बाण अजून मध्येच आहे."

"मग उचला आणि मागे आणून ठेवा. बाण जागचा हलत नाही."

कपाटबाईने माउस उचलला, मागे ठेवला. बाण खरंच हलला नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती आठवडाभर हात लांब करकरून खांदा दुखवून घेत होती.

"आता दोन टिचक्या. लागोपाठ. टिक्‌टिक्‌. तुमची कशी होतेय, टिक्... आणि मग पुढच्या स्टॉपला टिक्."

आरामखुर्चीत पेपर वाचणारा तिचा नवरा पेपरामागून म्हणाला, "तेहतीस वर्षं मला बोटावर नाचवलं, तेव्हा नाही दुखली बोटं."

"तुम्ही दोन टिचक्यांत कधी उठलात?" कपाटबाई म्हणाली. पेपर खाली आला नाही, पण हलला.

कधी कधी ती फारच दमायची. आज काय शिकलो ते उद्या धुऊन गेलेलं असायचं. पाटीवर लिहावं आणि कुणी ओला हात फिरवावा तसं. ती म्हणाली, "जाऊ दे, माझ्या डोक्यात आता हे शिरत नाही."

सुनेने पाठ सरळ केली. "आई, मी या घरात आले तेव्हा तुम्ही मला स्वयंपाकघरातले बावीस डबे दाखवले होते. सगळे सारखे, एकावरही चिठ्ठी नाही. दाखवले एकदाच. आणि मीठ साखरेच्या डब्यात गेलं तर आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

"चारच दिवस."

"आठ. पुन्हा मारा टिचकी."

तर ती शिकली. यंत्र चालू करायचं, पासवर्ड घालायचा, नवी फाइल उघडायची, तिला नाव द्यायचं, जपून ठेवायची, रीतसर बंद करायचं. रोज वीस-बावीस फायली व्हायला लागल्या. आणि संध्याकाळी, घरी निघण्याआधी, ती पडद्यावरचं टेबल मोकळं करायची. एकेक फाइल बाणाने धरून ओढत न्यायची आणि टोपलीत सोडायची. टोपलीचं तोंड भरलेलं दिसायचं. वर्ष पुरं झालं की सगळं एकदम फोल्डरात लावायचं, तिने मनाशी ठरवलं होतं. मधूनच सकाळी टोपली उघडून बघायची. सगळ्या फायली जागच्या जागी. थोरल्या बाईंनी बघितलं असतं तर मान हलवली असती, असं तिला वाटायचं.

परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारपर्यंत चारशे बारा फायली झाल्या, थोड्याच उरल्या होत्या. दुपारी ती डबा खाऊन आली तर वायरवाला तिच्या खुर्चीत बसलेला.

"महिन्याची साफसफाई," तो आनंदाने म्हणाला. "फार जड झालं होतं हो बाई. टोपली गच्च भरलेली. केली रिकामी. आता बघा कसं पळतंय!"

कपाटबाई उभीच राहिली. "कुठे रिकामी केली?"

"कुठे म्हणजे? गेलं. पुसलं."

"मग यात पत्र्याचा डबा कुठला?"

"कसला डबा?"

"कचऱ्याचा."

वायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "बाई, तीच की कचऱ्याची."

ती ओरडली नाही. खुर्ची मोकळी झाल्यावर बसली, टोपलीवर बाण नेला, दोन टिचक्या मारल्या. लागोपाठ, अगदी सुरेख जमल्या. आत काही नव्हतं. वायरवाल्याने मग तासभर खटपट केली, कपाळाचा घाम पुसला, आणि "नाही येत परत," म्हणून वायरी गोळा करत निघून गेला.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि चहाआधीच सांगून टाकलं.

"रोज?" सून म्हणाली. "तुम्ही रोज सगळं काम कचऱ्यात ठेवून येत होतात?" तिला हसू फुटलं. सासूचा चेहरा बघितला आणि ते हसू तसंच विरलं.

"तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"ज्याचा संशयच नाही ते काय विचारायचं? एकतीस वर्षं टोपलीत ठेवतेय मी."

आरामखुर्चीतला पेपर घडी करून गुडघ्यावर ठेवलेला होता. मग सुनेने विचारलं, "मूळ कागद कुठे आहेत?"

"खाली. कोठारात, पोत्यांत. रद्दीवाला शनिवारी येणार."

"म्हणजे अजून आहेत."

"आहेत. अडतीस पायऱ्यांखाली."

गुरुवारी सुनेने रजा काढली. दोघी त्या पायऱ्या उतरल्या, कपाटबाई आडवी होऊन, कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तळाशी गरम वाफेचा आणि साबणाचा वास होता. चादरी घड्या करणाऱ्या बाईने बघितलं आणि हसली. "या, या! आजच आलात? मी म्हटलं शनिवारनंतर याल."

"आज नुसतं माहेरपणाला आलेय," कपाटबाई म्हणाली. "नांदायला बोलावू नकोस एवढ्यात."

चार पोती निघाली. तीन सुनेने दोन खेपांत नेली. चौथ्याचा एक कान कपाटबाईने धरला होता. विसाव्या पायरीवर ती बसली. वर अजून अठरा होत्या. जे टाळण्यासाठी महिनाभर डोळे फोडले तेच करत ती तिथे बसली होती, आणि तिला हसावं की रडावं कळेना. दोन्हींना ताकद लागते. ती नुसती बसली.

"मी टाइप करते," वर रेकॉर्डच्या खोलीत आल्यावर सून म्हणाली. "माझा हात पटपट चालतो."

"नको. तू वाच. परीक्षा माझी आहे."

सून वाचत गेली आणि ही उतरवत गेली. फाइल झाली की लगेच फोल्डरात. वर्ष पुरं नव्हतं, उजेडही नव्हता, तरी फोल्डरात. पहिल्या फायलीला हात जड झाला. दहाव्या फायलीला सवय झाली. शुक्रवारी सकाळी सून कामावर गेली आणि ही एकटीच रेटत राहिली. दुपारी बारापर्यंत त्रेसष्ट झाल्या.

डॉक्टर साडेबाराला आले. मागे वायरवाला होता. तो बुटांकडे बघत होता.

पहिली मागितलेली फाइल निघाली. दुसरी निघाली नाही. तिसरीही नाही.

"दोन नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"आहेत. त्या पोत्यात. इथे नाहीत." आणि तिने सगळं सांगितलं. वायरवाल्याला दोष दिला नाही. त्याला द्यायला तिच्याकडे तेवढा दम उरला नव्हता.

डॉक्टर हसले नाहीत. ऐकता ऐकता त्यांची नजर टेबलाशेजारी गेली. वेताची टोपली काठोकाठ भरलेली होती.

"यात काय आहे?"

"उद्या सकाळी लावायच्या फायली."

"ही कचऱ्याची नाही?"

"कचरा दाराबाहेर. पत्र्याच्या डब्यात."

डॉक्टरांनी टोपलीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मी एकदा यात एक पाकीट टाकलं होतं."

"हो."

"ते दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आलं. मला कळेना, फाडलेलं पाकीट परत कसं आलं."

"टोपलीत ठेवलंत, म्हणजे हवं असेल असं वाटलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुसायला वेळ लावला. "आत चांगला कामाचा कागद होता," ते म्हणाले. "मी चुकून टाकला होता." मग वायरवाल्याकडे वळून म्हणाले, "विचारल्याशिवाय यापुढे काही रिकामं करायचं नाही." आणि तिला म्हणाले, "आणखी एक महिना. पोती इथेच राहू द्या, सगळं तपासून झाल्याशिवाय रद्दीत काही जाणार नाही. पुढच्या महिनाअखेरीस मी पुन्हा तीन मागेन."

ते गेले. कपाटबाईला वाटलं होतं, असं काही झालं तर आनंद होईल. मनात आलं ते एवढंच, की पुन्हा परीक्षा. तीनशे एकोणपन्नास बायका पोत्यांत तिची वाट बघत होत्या.

संध्याकाळी तिने लाकडी टेबल मोकळं केलं. पडद्यावर मात्र एक अर्धवट फाइल तशीच राहिली होती, अजून फोल्डरात न गेलेली. तिचा हात सवयीने माउसवर गेला. तिथेच थांबला. तिने यंत्र रीतसर बंद केलं, थोरल्या बाईंच्या वेळचं टाइपरायटरचं फडकं खणातून काढलं, झटकलं आणि पडद्यावर घातलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती एक टेबल न आवरता कुलूप लावून निघाली. बसच्या स्टॉपपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

दार सुनेने उघडलं. "काय झालं?"

"एक महिना मिळाला."

सुनेने श्वास सोडला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "मग? चहा झाल्यावर बसू या?"

"आज बसू," कपाटबाई म्हणाली आणि पाय लांब करून खुर्चीत टेकली. "पण नुसतंच."

सून चहाचे दोन कप घेऊन आली आणि शेजारी नुसतीच बसली.