साच्यावरची कमान

शलमोन मास्तरांना इमारतींच्या शास्त्रातले बावीस शब्द तोंडपाठ होते आणि त्यांतल्या निम्म्या गोष्टी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. नगरला ट्रेनिंगला असताना एका पाहुण्या पाद्रीसाहेबांनी व्याख्यान दिले, ते त्यांनी वहीत उतरवून घेतले. स्तंभ, घुमट, रोमन, गॉथिक. चित्र एकही नाही. ‘गॉथिक : चर्चची थोर शैली, उंच कमानी’, एवढेच वहीत होते. उरलेले मास्तरांनी मनाने भरले, आणि मनाने काय भरावे याला काही धरबंध नसतो.

चव्वेचाळीस साली गावात चर्च उभे राहू लागले. काम होते नेवाशाकडच्या भिमाजी गवंड्याकडे. साठी उलटलेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला माणूस. दाराची कमान सात हात रुंद धरली होती. एवढी मोठी कमान त्याने जन्मात बांधली नव्हती, आणि पुढे बांधण्याइतकी नजर टिकणार नव्हती. हे तो सगळ्यांना हसत सांगायचा.

भिमाजीच्या घराण्यात एक रीत होती. चुना वाळेपर्यंत कमानीचा भार पेलणारा खालचा लाकडी साचा काढतात तेव्हा बांधणारा गवंडी स्वतः खाली उभा राहतो. कमान टिकली तर तो बाहेर येतो. बापाने तसेच केले, आज्यानेही.

नाताळच्या सुट्टीत मास्तर सासुरवाडीला होते. परत आले तर कमान पुरी झालेली, चुना वाळत आलेला, साचा काढायला दोन दिवस उरलेले. मास्तर वर पाहतात तो कमान माथ्याशी टोकदार. अशा कमानी त्यांनी नगरच्या मशिदींना आणि मकबऱ्यांनाच पाहिल्या होत्या.

“ही मशिदीची कमान झाली, भिमाजी. चर्चला गॉथिक लागते. गोल करा.”

“नाव मला म्हाईत न्हाई, मास्तर. आमच्याकडं अशीच बांधत्यात. वजन नीट उतरतं.”

“नाव माहीत नाही, तेच सांगतोय मी.”

भिमाजीने साच्याच्या खांबावर हात टेकला. मग म्हणाला, “दोन दिस थांबा. साचा काढू द्या, मला खाली उभं ऱ्हाऊ द्या. मग पाडा.”

पाडायचीच तर दोन दिवस कशाला घालवायचे, असे मास्तर म्हणाले. पंचमंडळींनी माना डोलावल्या, कारण शिकलेला माणूस तो एकच. भिमाजीने दुसऱ्या कुणाला पहार लावू दिली नाही. माथ्यावरच्या कळीच्या दगडापासून एकेक दगड त्याने स्वतः उतरवला, ओळंबा पिशवीत टाकला आणि तो चालता झाला. गोल कमान नगरच्या गवंड्याने बांधली.

दोन वर्षांनी नव्या पाद्रीसाहेबांनी शाळेला एक चित्रांचे पुस्तक दिले. मास्तरांनी हौसेने उघडले. गोल कमानीखाली लिहिले होते, रोमन. पुढच्या पानावर टोकदार कमान, अगदी भिमाजीचीच, आणि खाली गॉथिक. त्या रविवारी चर्चच्या दारातून आत जाताना त्यांची मान वर झाली नाही. आपण एका म्हाताऱ्याचे तोंडचा घास काढून घेतला आणि वर शहाणपण शिकवले, हे त्यांना सोसेना.

सोमवारी पुस्तक काखेत मारून ते नेवाशाच्या वाटेला लागले. भिमाजी ओसरीवर बसला होता. डोळे पुरते गेले होते. त्याची लेक छबूबाई हिने पाणी आणून दिले. मास्तरांनी पुस्तक उघडले आणि मग कुणापुढे उघडले हे ध्यानात येऊन मिटले.

“भिमाजी, चूक माझी होती. गॉथिक म्हणजे तुमचीच कमान. तुमची बरोबर होती, मी उगाच पाडायला लावली. मला माफ करा.”

“व्हय का,” भिमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मास्तरांना तोच तर हवा होता.

“पुस्तकात तशीच आहे. हुबेहूब.”

भिमाजी बोटांनी ओसरीचा दगड चाचपत राहिला. “नावाचं ऱ्हाऊ द्या, मास्तर. सात हाताची हुती. ती उभी ऱ्हायली असती का, तेवढं हाय का तुमच्या पुस्तकात?”

मास्तरांनी पुस्तक पुन्हा काखेत घेतले. “नाही,” ते म्हणाले.