पालीच्या कळपातली घंटी

मी पितळेची घंटी बोलतेय, पालीच्या धुळाजीच्या कळपातली. आवाज ऐकला म्हणून लगेच माझ्यामागे येऊ नका. आधी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म धारूरचा. एका कासाराने मला ओतलं, पोटात लोखंडी जीभ अडकवली आणि बाजारात मांडलं. धुळाजीने कितीतरी घंट्या हलवून पाहिल्या आणि मला कानाशी धरून म्हणाला, "ही डोंगरापल्याडून ऐकू येती." तेव्हापासून मी बिंदुसरा नदीच्या धरणाजवळ राहते.

माझा स्वभाव संशयी आहे. मी जोरात वाजले, तर धुळाजीला वाटतं लांडगा आला. गप्प राहिले, तर वाटतं मेंढरं कुणाच्या तरी शेतात घुसली. माझ्या बोलण्यावरही संशय आणि मुकेपणावरही. अशा घरात राहून माझा तरी कुणावर विश्वास कसा बसावा?

त्यामुळे भागवतमामा सारखा येऊ लागला, तेव्हा मी कान टवकारले.

धुळाजीची मुलगी मोहिनी बी.एस्सी. झाली होती. पुढे विद्यापीठात एम.एस्सी. करायची, तर मोबाइलवर विषयांचा पसंतीक्रम भरायचा होता. पहिला कोणता लिहायचा, तिथेच गाडं अडलं. तिच्या मनात प्राणीशास्त्र होतं. धरणाच्या गाळातल्या गोगलगायी ती काचेच्या बरणीत ठेवायची. त्यांच्यामुळे मेंढ्यांच्या यकृतात चपटे किडे कसे होतात, ते आईला समजावून सांगायची.

"मेंढरं राखायला एम.एस्सी. कशाला गं?" भामाबाई म्हणायची. "ते तर आमी बिनशाळेचं करतोय की!"

भामाबाईचा भाऊ म्हणजे हा भागवतमामा. त्याची मुलगी सुकन्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती.

"दाजी, रसायनच भरा," तो बशीत चहा ओतत म्हणायचा. "आमची सुकन्या तेच करतीया. कंपनीवाले लगेच घेतेत."

शिकायचं मोहिनीने, पण मामा बोलायचा धुळाजीकडे पाहून. मोहिनी दिसली की तो बशीत बघायचा. मला तेव्हाच शंका आली. बहिणीच्या पोरीच्या शिक्षणाची एवढी तळमळ असायला हा काही मास्तर नव्हे. याचं यात काहीतरी आहे. पण घंटीला कोण विचारतंय?

शेवटी मोहिनीने पहिल्या जागी रसायनशास्त्र टाकलं. बदल करायला आठवडाच उरला होता. बरणीतल्या गोगलगायी तिने धरणात सोडून दिल्या. ते मला अजिबात आवडलं नाही.

त्याच दिवसांत आमचा म्हातारा मेंढा गेला. पुष्कळ वर्षं मी त्याच्या गळ्यात होते. आमच्यात रीत अशी, की घंटी वाटा तुडवलेल्या जनावराच्या गळ्यात जाते. पण धुळाजीने माजलगावच्या बाजारातून पिळदार शिंगांचा नवा मेंढा आणला आणि त्याच्या रुबाबावर भुलला.

"अवो, त्याला वाट कुठं ठाव हाय?" भामाबाई म्हणाली. "थोडे दिस तरी जाऊ द्या."

"वाट घंटी दावती," धुळाजी हसला. "म्होरक्या कसा शोभला पायजे!"

मी वाट दाखवत नाही हो! मी फक्त वाजते. पण हे मी कसं सांगणार?

दुसऱ्या सकाळी मेंढ्याने धरणाच्या कडेला हिरवं पाहिलं आणि सरळ तिकडे निघाला. वरून हिरवळ, खाली गाळ. मी वाजत होते आणि मागून सगळी मेंढरं येत होती. हा गाळ कळपात सर्वांत जास्त ठाऊक असलेली म्हातारी मेंढी कानडीसुद्धा आली. मेंढा पोटापर्यंत रुतला, तरी मागची थांबेनात.

धुळाजी आणि मोहिनी गाळात उतरले. शिंगं धरून, लोकर धरून एकेक ओढून काढलं. जीव सगळ्यांचे वाचले. मोहिनी चिखलाने माखलेली कडेला बसली आणि कानडीकडे बघत राहिली.

"आबा, हिला तर माहीत होतं ना?"

"घंटी वाजली की मेंढरू इचार करीत न्हाई, बाई," धुळाजी मान खाली घालून म्हणाला. "चूक माजी हाय. मी रुबाब बघितला."

मोहिनीने हात धुतले आणि तिथूनच सुकन्याला फोन लावला. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं.

"सुकन्या, तू रसायन कावून घेतलंस?"

"आमच्या शेजारच्या मनिषाताईनं घेतलं व्हतं म्हणून."

"आन मनिषाताईनं?"

"न्हाई बाई, कधी इचारलंच न्हाई." मग सुकन्याचा आवाज बारीक झाला. "मला इथं करमत न्हाई गं. पप्पा म्हणले, मोहिनीला आणतो, मग तू रडायची न्हाईस."

माझी शंका खरी निघाली. पण खरं सांगू? त्याचा मला आनंद झाला नाही. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बापाला बघवेना, एवढंच तर होतं.

"मी येणारच हाय," मोहिनी म्हणाली. "एकाच खोलीत राहू. पण विषय माझा मी घेणार."

तिने पसंतीक्रम बदलला. प्राणीशास्त्र वर आलं. भामाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच धुऊन पुसून एक मोठी बरणी आणून दिली.

आता मोहिनी विद्यापीठात आहे. धुळाजीने मला कानडीच्या गळ्यात बांधलंय, पण दुपारी ओढ्याकाठी बसलं की मला चैन पडत नाही. कारण परवा शेजारच्या लखनची बारावीतली मुलगी स्वप्ना येऊन भामाबाईला म्हणाली, "मोहिनीताईनं काय घेतलंय? मलाबी तेच घ्यायचंय."

मी कानडीच्या गळ्यात दचकले. ही दुसरी घंटी कुठे वाजायला लागली?

भामाबाईने स्वप्नाच्या हातात मोबाइल दिला. पलीकडून मोहिनीचा आवाज आला, "ते मग सांगते. आधी तू सांग, तुला काय बघत बसायला आवडतं?"

स्वप्ना विचार करू लागली.

मुलींनो, माझी एवढीच विनवणी आहे. मी वाजले की क्षणभर थांबा. मान वर करा आणि मी कुणाच्या गळ्यात आहे, ते बघा. मामावर संशय घेण्याआधी माझ्यावर घ्या. मला राग येणार नाही.