डेल्फिनोचे तीन पुलअप

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. पश्चिम टेक्सासच्या उजाड माळावर, हर्मिनियाच्या घरामागे, दोन जाड पाइपांच्या डोक्यावर मला आडवी जोडून ठेवली आहे. पाहणाऱ्याला वाटेल, ही कपडे वाळत घालायची दांडी. कपडेही वाळतात माझ्यावर, मी नाही म्हणत नाही. पण मित्रांनो, माझे खरे काम ओढण्याचे. जन्मभर मी ओढतच आले आहे.

भट्टीतून बाहेर पडले तेव्हा मी सरळसोट आणि चकचकीत होते. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एकीला एक जोडून आम्हाला तेलाच्या विहिरीत खोल सोडले. वरचा पंप घोड्यासारखी मान हलवी. तो वाकला की आम्ही खाली, तो उठला की आम्ही वर. तळाशी पुरते जायचे आणि मग पुरते वर यायचे. मध्येच परत फिरलो तर तेलाचा थेंबही वर येत नसे. त्या काळोखात ना ऊन, ना वारा, ना कोणी शाबास म्हणणारे. तरी ते काम मला आवडायचे. विहिरींची देखभाल करणारा युसेबियो मात्र रोज येई. पंपाच्या खांबाला तळहात लावून तो उभा राहायचा आणि आत आमचे कसे चालले आहे ते त्याला न पाहता कळायचे.

पुढे विहीर आटली आणि आम्हाला उपसून काढले. बहिणी गुरांच्या कुंपणाला गेल्या. मला युसेबियोने गाडीत टाकून घरी आणले, 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून. हे 'कधीतरी' काही लवकर उगवले नाही. शेडच्या भिंतीला टेकून मी गंजत राहिले. कोंबड्या माझ्यावर बसत आणि बसल्याची खूणही ठेवून जात. कोणी ढुंकून पाहत नसे. खरे सांगते, मला फार राग यायचा.

हर्मिनिया ही युसेबियोची मुलगी, आणि डेल्फिनो हा तिचा एकुलता एक मुलगा. अंगाने भरलेला, मनाने हळवा आणि पक्का आरंभशूर. कॉलेज अर्धवट सोडले, गिटार अर्धवट सोडली, टायरच्या दुकानातली नोकरीही फार दिवस टिकली नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, "मी सैन्यात जाणार, मरीनमध्ये."

त्याच्या मामाला हसता हसता ठसका लागला. "अरे, बारवर तुला लटकवायला क्रेन आणावी लागेल!"

पण या वेळी पोरगा मनावर घेऊन बसला होता. पहाटे उठून धावू लागला आणि वजनही बरेच उतरवले. भरतीचा सार्जंट प्रुइट त्याच्यावर खूश झाला. अडले एकाच ठिकाणी. बारला लटकून अंग वर ओढायचे, हनुवटी बारच्या वर न्यायची. असे निदान तीन पुलअप आल्याशिवाय प्रशिक्षण छावणीच्या बसमध्ये जागा मिळणार नव्हती, आणि डेल्फिनोला एकही येत नव्हता.

तेव्हा युसेबियोला माझी आठवण झाली. त्याने माझा हातभर जास्तीचा भाग कापला, गंज घासून काढला आणि मला इथे जोडले. किती दिवसांनी कोणी माझ्यावर हात फिरवला होता!

दर रविवारी सगळी मंडळी मागच्या अंगणात जमत. शेगडीवर मांस भाजले जाई, हर्मिनिया गरम टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणून ठेवी आणि डेल्फिनो मला लोंबकळे. सुरुवातीला तो नुसताच खाली पडायचा. मग थोडा वर येऊ लागला. कोपर अर्धे वाकलेले ठेवूनच तो सुरुवात करी, पाय झाडी, मान ताणून हनुवटी कशीबशी माझ्याजवळ आणी, आणि सगळे ओरडत, "एक! दोन! तीन! चार!" मामा शिट्ट्या मारी. हर्मिनियाचा आवाज सगळ्यांत मोठा असे. डेल्फिनो लाल होऊन हसायचा. त्या घराने त्याला असे हसताना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

मला मात्र ठाऊक होते, मित्रांनो. हात सरळ ठेवून पुरते वजन त्याने माझ्यावर एकदाही टाकले नव्हते, आणि त्याची हनुवटीही कधी माझ्या वर गेली नव्हती. पण सळईला तोंड कुठे असते?

बसच्या पाच आठवडे आधी त्यांनी हौसेने सार्जंटला जेवायला बोलावले. जेवणाआधी डेल्फिनोने मला धरले आणि सार्जंट मोजू लागला.

"शून्य."

डेल्फिनोने पुन्हा जोर लावला.

"शून्य." आणि पुन्हा, "शून्य."

हर्मिनिया कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "का हो, शून्याच्या पुढचं काही शिकवलं नाही का तुम्हाला?"

"शिकवलंय, मॅडम. तुमच्या मुलाने हनुवटी वर आणली की लगेच 'एक' म्हणतो. हात सरळ नाहीत, पाय झाडतो, हनुवटी वर नाही. तिथे छावणीत असंच मोजतात. चुकला की आकडा जागचा हलत नाही."

सार्जंट जेवला, मांसाची तारीफ केली आणि जाताना म्हणाला, "बस सुटण्याच्या आदल्या दिवशी येईन. तीन झाले तर जागा तुझी, नाहीतर दुसऱ्याची."

डेल्फिनो खोलीत जाऊन बसला. बाहेर यायचे नावच घेईना. हर्मिनियाने दाराबाहेरून सांगितले, "नाही जमत तर नाही, बाळा. इथंच राहा. मला काय तू जड झालास?" तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. आईच ती. मुलगा घरात राहणार म्हटल्यावर तिला बरेच वाटणार.

युसेबियोने मात्र त्याला दंडाला धरून माझ्याखाली आणले. "ही सळई माझ्या विहिरीत होती. अर्ध्यातून परत फिरली असती तर कंपनीने मला हाकललं असतं. विहीर अर्धं मोजत नाही, पोरा. मी मोजलं."

"मग का मोजलंत आजोबा?"

"तू हसत होतास म्हणून. आमचंच चुकलं. आता बोल, शून्यापासून करायचं का?"

डेल्फिनोने बर्फाची पेटी माझ्याखाली ओढत आणली.

त्या दिवसापासून आमची खरी मेहनत सुरू झाली. पेटीवर चढून तो हनुवटी माझ्या वर टेकवायचा, पाय सोडायचा आणि हळूहळू, दात खात, हात पुरते सरळ होईपर्यंत खाली यायचा. मग पुन्हा पेटीवर. कधी नुसताच लटकून राहायचा. दुपारी मी तव्यासारखी तापते, म्हणून तो उजाडताच येई. तळव्यांना फोड आले. हर्मिनियाने हातमोजे दिले, ते त्याने परत केले. युसेबियोची नजर आता अधू झाली होती, तो माझ्या खांबाला तळहात लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अजून खाली. अजून. हां, आता आलास तळाला."

पहिला खरा पुलअप झाला तेव्हा माझ्या अंगात शिरशिरी आली. आजोबांनी खांबावर थाप मारली. दुसऱ्याने फार रडवले. तिसरा आलाच नाही, आणि सार्जंटचा दिवस आला.

"मागच्या वेळी तुम्हाला माझी मोजणी आवडली नव्हती, मॅडम," सार्जंट म्हणाला. "आज तुम्हीच मोजा."

हर्मिनियाने हात पुसले आणि ती समोर येऊन उभी राहिली. डेल्फिनो लटकला. हात सरळ.

"एक," ती म्हणाली.

"दोन."

तिसऱ्याला त्याने जोर केला, हनुवटी माझ्या वर आली, पण येताना पाय झाडले गेले. मामा नाचतच ओरडला, "तीन!"

"दोन," हर्मिनिया म्हणाली.

"अगं ताई, वेडी झालीस का? पोटचा पोरगा आहे तुझा!"

"पाय झाडले त्याने. दोन."

"बरोबर आहे तुझं, आई," डेल्फिनो दातावर दात धरून म्हणाला. त्याने मला सोडले नाही. तो तळापर्यंत गेला, पुरते वजन माझ्यावर टाकले आणि पुन्हा निघाला. मध्येच अडला. त्याचे दंड थरथरत होते, घाम माझ्यावरून ओघळत होता. मी घट्ट राहण्यापलीकडे काय करणार? तो इंचाइंचाने वर आला. पाय शांत. हनुवटी माझ्या वर गेली आणि तिथेच थांबली.

हर्मिनियाचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. तो एक आकडा उच्चारला की पोरगा उद्या बसमध्ये बसणार, हे तिला कळत होते. डेल्फिनो वर तसाच अंग तोलून आईकडे बघत राहिला. तिने म्हटल्याशिवाय तो खाली येणार नव्हता.

"तीन," ती म्हणाली आणि पदराने पुसावेत तसे ॲप्रनने डोळे पुसले.

मित्रांनो, मला जपायला फार काही लागत नाही. पावसाळी हवेनंतर कोरडे फडके, वर्षातून एकदा तेलाचा हात, एवढे पुरे. माणसाला जपणे अवघड. तुमचे माणूस जीव तोडून काही करत असेल, तर त्याच्या अर्ध्याला पुरे म्हणू नका. खरे मोजताना जीभ जड होते, हे मी हर्मिनियाच्या तोंडाकडे बघून शिकले आहे. ती जड झाली तरी खरेच मोजा.