हाऊसच्या ठेक्यावर भांडण

ताईचा जीव हाऊस संगीतावर. ठेका धडधडत राहिला पाहिजे, पाय थांबता कामा नयेत. धाकट्या भावाला रॅपशिवाय काही सुचत नसे. वडिलांच्या कारखान्याच्या स्नेहसंमेलनात दोघांनी मिळून कार्यक्रम करायचा ठरला, तेव्हापासून त्याची एकच रड: "ठेका हळू कर, जीभ पुरत नाही."

"घरी बरी चुरूचुरू चालते!" ताई काही बधली नाही.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच ओळीला भाऊ अडकला. ठेका वाजतोय आणि भाऊ नुसताच उभा. ताईचं टाळकं सटकलं. तिने माईक ओढला.

"माझे हेडफोन कुणी मोडले? आता का वाचा बसली?"

"मोडले तर मोडले! तूच जमिनीवर सोडले! माझे बूट कुणी घातले? चिखलात कुणी लोळवले?"

शब्दन् शब्द ठेक्यावर! ताईनेही तसंच सुनावलं. अर्धं सभागृह तिच्या बाजूने नाचू लागलं, अर्धं त्याच्या. कारखान्याचे साहेबसुद्धा कोट काढून नाचात घुसले.

"गप्प बसा" म्हणण्यात जिचा जन्म गेला, ती आई खुर्चीवर चढून ओरडली, "खबरदार थांबलात तर! भांडा, अजून भांडा!"