व्हर्मुथ ढवळायला काय लागतं?

त्या घरात तीन भावंडं होती: थोरला, मधली आणि धाकटा. तिघांनाही नावं होती, पण ती फक्त कागदोपत्री आणि भांडणात बाहेर निघायची. घराच्या तळमजल्यावर त्यांचा व्हर्मुथचा कारखाना होता. कारखाना हा शब्द थोरल्याचा. बघणाऱ्याला तिथं तीन खोल्या, एक मोठं लाकडी पिंप आणि भिंतीकडेला उभ्या केलेल्या रिकाम्या बाटल्या एवढंच दिसायचं.

व्हर्मुथ ज्यांनी चाखली नाही त्यांना एवढंच सांगायचं, की ती मूळची वाइनच, फक्त चांगली शिकवून सवरून कडू केलेली. पांढऱ्या वाइनमध्ये थोडी कडक दारू, दवण्यासारख्या कडू पाल्याचा आणि मुळ्यांचा अर्क, साली, मसाले आणि साखर. जेवणाआधी बर्फावर ओतून घ्यायची. कडू चव जिभेला लागली की पोट खडबडून जागं होतं आणि माणूस मुकाट्यानं पानावर जाऊन बसतो. कुणी ती जिनमध्ये घालून कॉकटेल करतं, कुणी नुसत्या सोड्यात घेतं. या घरच्या व्हर्मुथचं आख्ख्या गावात नाव होतं, आणि तिची कृती जगात फक्त दोघांना ठाऊक होती. निदान त्या दोघांचा तसा समज होता.

झालं होतं असं. जाण्याआधी वडिलांनी थोरल्याला एकट्याला जवळ बोलावून अर्धी कृती कानात सांगितली. दुसऱ्या दिवशी धाकट्याला बोलावून उरलेली अर्धी. दोघांकडे अर्धं अर्धं राहिलं म्हणजे पोरं जन्मात एकमेकांना सोडून जाणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. मग मधली पाणी द्यायला आत गेली, तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाले, "तू ढवळ."

तेव्हापासून ती ढवळत होती. पिंप भरायची वेळ आली की थोरला आपल्या खोलीत कोंडून घ्यायचा, धाकटा आपल्या. दोघांनी खिडक्यांच्या काचांना कागद लावले होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत नोटा छापताहेत. अर्क तयार झाला की दोघं आपापली बरणी फडक्याखाली झाकून आणायचे आणि मधलीच्या हवाली करून, एकमेकांकडे न बघता जेवायला निघून जायचे. "आता काय, साखर घालायची आणि ढवळायचं," थोरला जाता जाता म्हणायचा, "ढवळायला काय लागतं?"

काय लागतं ते मधलीला पहिल्याच पिंपाला कळलं. तिनं एका बरणीत बोट बुडवून चाटलं, दुसऱ्या बरणीत बोट बुडवून चाटलं, आणि मग पुन्हा पहिल्या बरणीत. दोन्ही बरण्यांत एकच अर्क होता. वडिलांचं मन शेवटी शेवटी भरकटायचं. काल काय बोललो ते आज आठवायचं नाही. मुलं दोन, दिवस दोन, पण सांगितलेली अर्धी कृती एकच. उरलेली अर्धी त्यांच्याबरोबर गेली.

लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून संत्री सोलायची ती मधलीच. तिच्या जिभेला जुनी चव पाठ होती. चाचपडत, चाखत, ओतून देत तिनं ती परत जमवली. दोन्ही बरण्या घातल्या तर पिंप विषासारखं व्हायचं, म्हणून निम्मा अर्क ती मोरीत ओतायची. पक्षपात नको, म्हणून दोघांचाही निम्मा निम्मा. बाकीचं सामान स्वयंपाकघरातून यायचं. भाऊ जेवत असायचे आणि ही त्यांच्या पाठीमागून साली, डबे, पातेली घेऊन खाली जायची. "ढवळायला एवढा वेळ?" धाकटा घास घेत विचारायचा. "हात दुखतो रे," ती म्हणायची.

तिनं सांगितलं का नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे एक कारण. खरं कारण धाकटा. वडिलांनी त्याला आयुष्यभर 'तुझ्यानं काही व्हायचं नाही' एवढंच ऐकवलं होतं. विश्वासानं दिलेली अशी ही एकच गोष्ट, अर्धी कृती. ती तो गळ्यातल्या ताइतासारखी जपायचा. तीही थोरल्याच्या ताटातलीच निघाली, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मधली लेकीच्या बाळंतपणाला गेली.

ती गेली आणि नेमकी पिंप भरायची वेळ आली. तिला परत बोलवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. दोघांनी अर्क ओतले, साखर टाकली, आणि ढवळलं. ढवळायला काय लागतं?

बाळाला न्हाऊमाखू घालून, लेकीला दहा सूचना देऊन मधली घरी परतली, तर दारातच बाटल्यांची खोकी परत आलेली. थोरला एका खोलीत, धाकटा दुसऱ्या खोलीत, आणि दोघांचीही तोंडं व्हर्मुथपेक्षा कडू.

"त्यानं आपल्या अर्ध्यात काटा मारला," थोरला म्हणाला. "मसाला वाचवला. वडील असते तर कान उपटला असता."

"दादानं भलताच पाला उकळला, ताई," धाकटा म्हणाला. "आणि वर मला चोर म्हणतो!"

मधलीनं एक बाटली उघडून घोटभर चाखली. डोळ्यांत पाणी आलं. आणि उगाच खोटं कशाला बोला, आधी तिला आनंदच झाला. आपण नव्हतो म्हणून हे असं झालं, हे त्या घोटात इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की तिला तिथंच मोठ्यानं हसावंसं वाटलं. पण भाऊ पुढं जे बोलले त्यानं हसू विरलं.

"आम्ही वेगळे होतोय," थोरला म्हणाला. "रविवारी दुपारी तो त्याचं अर्धं मला सांगेल, मी माझं त्याला. मग ज्याची त्याची व्हर्मुथ, ज्याचं त्याचं नशीब. तो बाजारात जागा घेतोय."

"आणि मी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. किती तरी दिवसांत पहिल्यांदा.

"सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे," थोरला म्हणाला. "तुझी आबाळ नाही होऊ द्यायचो आम्ही. ढवळायला तू दोघांनाही हवीसच."

तिला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. इतकी वर्षं हे घर तिनं एका पिंपात घट्ट धरून ठेवलं होतं, आणि आता तिची वाटणी होणार होती, पायरीवरच्या पायपुसण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती परत आलेल्या खोक्यांचा हिशेब मिटवायचं निमित्त करून बारवालीकडे गेली. ही बारवाली त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि जिभेला हाड नसलेली मैत्रीण. दुपारची वेळ, बार रिकामा. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या.

"ये, बाळंतिणीची आई!" बारवालीनं फ्रीज उघडला. "तुमच्या जुन्या पिंपाची शेवटची बाटली लपवून ठेवलीय. बिचारी वाइनच ना ती. एकदा उघडून बाहेर फळीवर ठेवली की रुसते." तिनं ग्लासात बर्फ टाकला, वर व्हर्मुथ ओतली, संत्र्याची साल पिळून आत सोडली. "घे. आणि आता मला सांग, नव्या पिंपात तुझ्या भावांनी काय, जुने जोडे उकळले?"

"इतकी वाईट आहे?"

"वाईट? जेवणाआधी दिली तर गिऱ्हाईक जेवायलाच यायचं नाही. मी सगळं करून बघितलं. जिनमध्ये घातली, जिन मेली. सोडा घातला, मध घातला. ही बघ," तिनं फळीवरच्या बाटल्यांकडे बोट केलं, "ही लाल कडू लिकर, जेवणाआधीची, नखरेल. ही काळी दाट, जेवणानंतरची, जास्त जेवलेल्यांच्या पश्चात्तापाची. दोन्ही कडूच. पण त्या कडू असून बोलतात गं माणसाशी. तुमची नुसती शिव्या देते. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." मग तिनं मधलीकडे नीट बघितलं. "तू नव्हतीस तेव्हाच हे झालं. ढवळण्यात एवढं काय असतं?"

मधलीनं ग्लास हलवला. बर्फ वाजला. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं.

बारवालीनं टेबलावरची एक खुर्ची खाली ओढली आणि तिच्यासमोर बसली. "मग सांग ना त्यांना!" ती म्हणाली. "बाटलीवर तुझं नाव लागायला हवं, बाई!"

"आणि धाकट्याचं काय होईल?"

"तो काय, कुक्कुलं बाळ आहे?"

"माझ्यासाठी आहे," मधली म्हणाली. "रविवारी त्यांनी एकमेकांना कृती सांगितली, म्हणजे सगळं संपलं. ते थांबवायला हवं. नाव नको मला. कुणी एकदा विचारलं तरी पुष्कळ झालं."

थांबवायचा तिनं प्रयत्न केला. शनिवारी थोरल्याला गाठून म्हणाली, "दादा, उद्याचं राहू दे. दादा, त्या अर्ध्या कृतीचं—"

"तुला त्यातलं काय कळतं?" थोरला म्हणाला. तो रागावला नव्हता, उलट मायेनंच बोलला होता, आणि म्हणून ते जास्त लागलं.

रविवारी दुपारी दोघं भाऊ पिंपाच्या खोलीत गेले. साक्षीदार म्हणून मधलीला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. कान देऊ नकोस, अशी ताकीदही दिली. दार इतकं पातळ होतं की ताकीद पाळायची तर तिला शेजारच्या गल्लीत जाऊन बसावं लागलं असतं.

आधी धाकटा बोलला. शाळेत कविता म्हणतात तसा, एका दमात. कडू दवणा इतका, कडू मूळ इतकं, ज्येष्ठमध, दालचिनी, भिजवायचं किती, गाळायचं कसं. मधली कडीवर हात ठेवून उभी राहिली. आता थोरला गरजणार. त्याचा आवाज असा होता की दोन घरं पलीकडे पातेल्यांवरची झाकणं वाजायची.

आत काहीच वाजलं नाही.

"एवढंच," धाकटा म्हणाला. "का रे? कमी वाटतंय?"

पिंपाचं झाकण उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला.

"नाही," थोरल्याचा आवाज आला. "कमी कसलं. बरंच सांगून गेले की तुला."

"खरं सांगू, दादा? मला वाटायचं, महत्त्वाचं सगळं तुला दिलं असेल आणि माझ्या हातावर आपलं काहीतरी टेकवलं असेल."

"वेडा आहेस. खरी कडू बाजू तुझ्याकडेच दिली त्यांनी. व्हर्मुथमध्ये दुसरं असतं काय?"

मधलीचा हात कडीवरून खाली आला.

"आता तुझं सांग," धाकटा म्हणाला.

"माझं." थोरला खाकरला. "माझं म्हणजे... संत्र्याची साल." पुन्हा थांबला. अंधारात पायऱ्या उतरावं तसा तो एकेका शब्दावर पाय ठेवून बघत होता. "आतला पांढरा भाग खरवडून काढलेली. स्वयंपाकघरात ती पसरून... म्हणजे, पसरून वाळवायची. मग धणे. भाजलेले, त्यांचा वास जिन्यापर्यंत येतो. व्हॅनिला. आणि साखर नुसती टाकायची नाही, पातेल्यात जाळायची. ते पातेलं घासून घासून निघत नाही." मग जरा घाईनं, "आणि लवंग."

"आणि प्रमाण?"

"प्रमाण मला दिलं नाही वडिलांनी. ते मधलीला दिलं."

"ताईला? तिला तर नुसतं ढवळायला सांगितलं होतं."

"तेच ते."

"मग या खेपेला काय झालं?"

"घाईत मी भलतीच बरणी ओतली. तू काटा मारला नव्हतास. चूक माझी होती."

थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि तीही न केलेली. मधलीनं तोंडावर हात धरला. आपल्याला हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाही कळेना.

"मग वेगळं होऊन उपयोग काय?" धाकटा म्हणाला. "ताईला काय मधोमध कापायची?"

"तेच तर मी म्हणतोय."

"तू कधी म्हणालास?"

"आता म्हटलं ना! पिंप धुवायला घे."

आत पाण्याचा नळ सुटला आणि धाकटा शीळ घालायला लागला. थोरला बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि बहिणीच्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला. तिच्याकडे न बघता, समोरच्या बाटल्यांकडे बघत त्यानं हलक्या आवाजात विचारलं,

"लवंग असते का गं त्यात?"

इतक्या वर्षांत त्या पिंपाबद्दल कुणी तिला काही विचारलं नव्हतं. उत्तर सोपं होतं.

"नसते, दादा."

"मग काय असतं ते सांग," थोरला म्हणाला. "हळू बोल. तो आत आहे."