फौजदाराची सोबत

धाकटीने माशांची पिशवी टाकीच्या पाण्यावर अलगद तरंगत ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी सारख्या उबेचं व्हायला वीस मिनिटं लागतात, असं दुकानदाराने बजावलं होतं. ती पंचवीस देणार होती.

"किती ते लाड," मागून आई म्हणाली. "फाडून खाणार तो त्यांना."

"बघू."

"गप्पींचं काय झालं, आठवतंय ना?"

धाकटीला आठवत होतं. शेजारच्या बरणीत काढून ठेवलेला निळा फायटर मासा कल्ले फुगवून दोघींकडे बघत होता. बाबांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि फौजदार आईच्या वाट्याला आला. दोघांचं छान जमलं, कारण दोघांनाही घरात दुसरं कुणी नको होतं.

पण थंडीत आई न्हाणीघरात घसरली आणि दोन तास तशीच पडून राहिली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाज ऐकला होता. त्या धावत वर आल्या, तर दार आतून बंद आणि किल्ली कुणाकडेच नाही. शेवटी आईच सरपटत दारापर्यंत आली. त्यानंतर "एक किल्ली काकूंकडे ठेवू" म्हटलं, तर "परक्याच्या हातात माझं घर?" न्हाणीघरात धरायला दांडा बसवू म्हटलं, तर "मी काय आजारी आहे?" मग धाकटीने हट्टच धरला, की माझ्याकडे राहायला चल. थोरला भाऊ फोनवरून काळजी करण्यात पटाईत होता, त्यानेही री ओढली.

रोजच्या त्या विषयाला कंटाळून आई एकदा म्हणाली, "या फौजदाराला सोबत आणून दाखव. महिनाभर कुणाबरोबर नांदला, तर मी त्याच दिवशी बॅग भरते."

आईला वाटलं, विषय मिटला. पण धाकटी रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. कुणाचं रक्त कुणाला चालेल हे जुळवण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. जुळत नाही, हे उत्तर तिला मान्य असायचं, पण तपासल्याशिवाय नाही.

पहिली चूक गप्पींची. रंगीत, झुबकेदार शेपट्यांचे मासे तिला दिसायला आवडले. फौजदाराला ते प्रतिस्पर्धी वाटले आणि दोन दिवसांत त्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. उरलेले मासे परत घेताना दुकानदार हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

"ताई, फायटरला सोबत नको असते," तो म्हणाला. "शेजार चालतो."

"म्हणजे?"

"तो वरच्या मजल्यावरचा. तिथे त्याच्यासारखं नटलेलं कुणी दिसलं की बिनसतं. तळाशी राहणारे बघा. साधे, आपल्या कामाशी काम ठेवणारे."

म्हणून आजच्या पिशवीत ‘कोरी’ जातीचे सहा मासे होते, बोटाच्या पेराएवढे, मिशीवाले, मातकट रंगाचे. टाकी मोठी आणली होती, तळाला बारीक वाळू घातली होती, लपायला फुटकी कुंडी आडवी ठेवली होती आणि झाडांच्या जागाही बदलल्या होत्या. आधी पाहुणे सोडायचे आणि घरमालकाला शेवटी, म्हणजे त्यालाच आपण नवे आहोत असं वाटतं.

पंचवीस मिनिटांनी तिने कोरी सोडले, तासाभराने फौजदाराला. तो पाहुण्यांवरून दोनदा फिरला आणि वर जाऊन झाडाच्या पानावर टेकला.

"नाटकं करतोय," आई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवसापासून आईचे फोन सुरू झाले. आज धावून गेला. आज परत गेला. एकाचा पर फाटलाय. धाकटीने वहीत तारीख, वेळ, पाण्याची ऊब, सगळं लिहायला घेतलं. रविवारी ती स्वतः तीन तास टाकीसमोर बसली. फौजदार शहाण्यासारखा वागला. झाडं वाढवली, खाणं दोन वेळांत विभागलं. तीन रविवार सगळं आलबेल आणि मधल्या सहा दिवसांत हाणामारी. हे गणित तिला सुटेना.

चौथ्या आठवड्यात तिची कामाची पाळी बदलली आणि ती बुधवारी दुपारीच येऊन थडकली. आईने दार उघडलं आणि ती क्षणभर दारातच उभी राहिली.

"आज बुधवार ना?"

"सुट्टी मिळाली. आत येऊ का नको?"

"ये की. मी... थांब, चहा टाकते."

फौजदार डाव्या काचेला भिडून पिसारा फुलवत होता. मध्येच वळून तो एका कोरीवर धावला आणि पुन्हा काचेशी गेला. धाकटीने वाकून पाहिलं. टाकी आणि भिंत यांच्या फटीत बाबांचा दाढीचा आरसा उभा होता. तो नीट तिरका राहावा म्हणून त्याच्या खाली वर्तमानपत्राची घडी सारली होती. आरसा लख्ख पुसलेला होता आणि त्यातून दुसरा फौजदार कल्ले फुगवून बघत होता.

आधी तिला हसू आलं, मग राग. पत्त्यांत चोरून पाहिलं म्हणून याच बाईने तिला एकदा डावातून उठवलं होतं. तीच आता सत्तरीत एका माशाला रोज चिथावत होती. आपल्याकडे येणं टाळायला आई एवढ्या थराला गेली, याचं धाकटीला वाईट वाटलं, आणि महिनाभर आपण तिला इथवर रेटत आणलं याचं त्याहून जास्त. आरसा काढायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

आई चहा घेऊन आली. तिची नजर आधी टाकीच्या डाव्या बाजूला गेली.

"आई, हरले मी."

आईने हातातला कप खाली ठेवला. "एवढ्यात? अजून आठवडा आहे की."

"नाही नांदायचा तो. तुला माझ्याकडे ये म्हणणार नाही आता. पण रविवारी न्हाणीघरात दोन दांडे बसतील. आणि एक किल्ली काकूंकडे राहील."

"परक्याच्या..."

"सोबत नको म्हणालीस, मी सोडली. आता शेजारालाही नको म्हणू नकोस."

आईने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. मग खुंटीवरची दुसरी किल्ली काढून धाकटीच्या हातावर ठेवली.

"आधी हाक मारायची, मगच उघडायचं. सांग त्यांना."

"सांगते." धाकटीने दारात चपला घातल्या. "आणि आई, तो आरसा काढ आता. दमतो गं तो."

धाकटी अर्धा जिना उतरली, तेव्हा वरून हाक आली.

"आणि ते मिशीवाले?"

"त्यांचं काय?"

"नेऊ-बिऊ नकोस त्यांना. राहू देत. खालीच तर असतात."

"बरं," म्हणत ती उरलेला जिना उतरली आणि किल्ली मुठीत धरून तिने काकूंची बेल दाबली.